डावा जबडा

हेल्मेट कुठे आहे म्हणून गौरव ओरडला तेव्हा ते माझ्या डोक्यावरच होतं. तरी मी हात वर नेऊन चाचपून पाहिलं. गौरव म्हणजे आमच्या शिफ्टचा सुपरवायझर, वयानं माझ्याहून लहान आणि आवाजानं मोठा. छत्तीसगढातल्या हथखोजच्या आमच्या कारखान्याच्या गेटात तो माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि समोरच्या एका माणसाला म्हणत होता, सुगत, कितनी बार बोलूं. सुगत तर मी, आणि मी मागे, टाइम ऑफिसच्या भिंतीला डावी बाजू लावून उभा होतो. समोरचा माणूस नुसता इकडेतिकडे पाहत होता. गौरव त्याच्याजवळ गेला, तोंडाकडे नीट पाहिलं आणि हसायला लागला. मग बाकीचे वळले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मला शोधून माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले आहेत असं मला रोजच वाटतं, पण ते खरोखर घडावं ही पहिलीच वेळ. तेरा जुड़वा आ गया बे, कोणीतरी म्हणालं. तो माणूस माझ्याकडे पाहून हसला. क्रेन चालवायला नवा लागलेला, पाटनकडच्या गावचा, नाव टिकेश्वर. मी त्याचा डावा जबडा पाहिला. दुसरं काही पाहिलंच नाही.

माझा डावा जबडा आत गेलेला आहे. कानाच्या पाळीखालून हनुवटीपर्यंत जी कड येते ती उजवीकडे सरळ येते आणि डावीकडे मधेच खचते, विहिरीच्या काठची ओली माती खचते तशी. त्यानं अख्खं तोंड एका अंगाला वितळल्यासारखं दिसतं. मला दिसतं. बाकीच्यांना एकतर दिसत नाही, किंवा दिसतं आणि ते खोटं बोलतात. यातलं खरं कोणतं ते कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो हातात आला त्या दिवसापासून मला कळलेलं नाही. लोक म्हणतात माणसाचं मन सुंदर पाहिजे. असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी वाटते. माझं मन सुंदर नाही. माझ्या मनात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक जबडा असतो, तो बाजूला सरकला तर दुसऱ्या कशाला जागा मिळेल. गाडीचा आरसा, बंद दुकानाची काच, मोबाइलचा काळा पडदा, जेवणाचा चमचा, पाण्यानं भरलेली बादली, मी कशातही पाहतो. पाहिल्यावर बरं वाटतं म्हणून पाहत नाही. मागच्या वेळी दिसलं ते खरं होतं का, एवढंच पाहायला जातो, आणि मग मागच्या वेळी काय दिसलं तेच आठवत नाही. दाढी वाढवली, तर डावीकडची विरळ वाटली. गमछा बांधला, तर लोक विचारायचे दात दुखतो का. फक्त कोरोनात दोन वर्षं मजेत गेली. माणसं मरत होती, मुक्तिधामात जागा नव्हती, आणि मी मास्क लावून ताठ मानेनं बाजारात फिरत होतो. शरम वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

मी कारखान्यात माप घेतो. आमच्याकडे मोठ्या स्टील प्लांटसाठी पिना, बुश, शाफ्ट बनतात, आणि प्रत्येक नग माझ्या टेबलावर येतो. ठरलेल्या मापापेक्षा केसभर कमीजास्त चालतं, त्याला टॉलरन्स म्हणतात. त्याच्या बाहेर गेला की लाल खूण करून मी तो बाजूला टाकतो. भांडायला कोणी येत नाही, कारण लोखंड कोणाचंही ऐकत नाही, कितीही दाबा, तेवढंच भरतं. हीच माझी चूक झाली. एका रविवारी मी नग मोजायचा तो स्टीलचा चिमटा, व्हर्नियर, घरी आणला आणि आरशासमोर तोंडाला लावला. पाळीपासून हनुवटीपर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मांस दबतं. जरा जोर दिला की माप घटतं, श्वास सोडला की वाढतं. एकदा आलेलं माप मला पुन्हा कधी आलं नाही. पण दर वेळी जे सगळ्यात वाईट आलं ते मी खरं धरलं, आणि माझ्या तोंडाला मी टॉलरन्स दिला नाही. वेडेपणा आहे हे मला कळत होतं. कळल्यानं काय होतं? कळूनही हात व्हर्नियरकडे जातो, तो कोणाचा हात असतो?

आमचं घर खुर्सीपारला. आजोबा भंडाऱ्याकडून प्लांटच्या पायाची माती खणायला आले, बाबा तिथेच कोक ओव्हनच्या भट्टीवर रिटायर झाले. बाबांना सगळे भय्याजी म्हणतात. बुद्धविहाराचं काम तेच पाहतात आणि कोणालाही कुठेही भाषण देतात. माझं आरशापुढे उभं राहणं त्यांनी फार वर्षांपूर्वी एकदाच समजून घेतलं आणि चुकीचं समजून घेतलं. त्यांना वाटतं मला रंगाची लाज वाटते. आपल्या लोकांच्या तोंडाची लाज वाटते. "तुले कोनी सांगतलं आपलं तोंड खराब हाय म्हणून? ज्यानं सांगतलं त्याचं तोंड पाय आधी," असं ते म्हणायचे आणि तिथून थेट महाडच्या तळ्यावर जायचे. ह्याच तोंडांनी मोर्चे काढले, ह्याच तोंडांनी हक्क मागितला. मी म्हणायचो, बाबा, रंगाचं काही नाही, जबड्याचं आहे. त्यांना वाटायचं मी बात बदलवून राहिलो. माझ्या जबड्यावरून ते अख्ख्या समाजाच्या वतीनं दुखावले जायचे. मग मला माझ्या बिमारीचीही लाज आणि समाजाचा गद्दार झाल्याचीही लाज. एका तोंडाला दोन लाजा. आता सांगा, हे कोणाला सांगायचं?

मायला सांगायचो. माय म्हणजे गिरजाबाई, तिला भाषण येत नाही. ती चुलीपाशी असली की मी जाऊन तोंड पुढे करायचो, माय, पाय बरं, आज जास्त दिसते का? ती पिठाचे हात तसेच ठेवून दर वेळी खरंच पाहायची. काही नाही बापा, चांगला तर हाय. मला चार पावलं जाईपर्यंत बरं वाटायचं, मग मी परत यायचो. असं किती वर्षं. एकदा तिचं काही दुखत होतं, दूध उतू चाललं होतं, आणि ती वैतागून म्हणाली, हो, दिसते थोडंसं, जाय आता. इतक्या वर्षांत तिनं हजार वेळा नाही म्हटलं त्यातलं एकही मी धरलं नव्हतं. हे एक हो मी धरलं. नंतर तिनं हात जोडले, रडली, मी चिडून बोलली रे. मी म्हटलं, चिडल्यावरच माणूस खरं बोलतो.

नेहरू नगरच्या दाताच्या डॉक्टरनं एक्स-रे काढून सांगितलं की जबडा बरोबर आहे, मनाच्या डॉक्टरला भेटा. मी उठून आलो. रायपूरच्या एका क्लिनिकवाल्यानं मात्र माझं तोंड कॉम्प्युटरवर घेतलं, गोल फिरवलं, डावीकडे एक रेघ ओढली आणि म्हणाला, करता येईल. हाड कापून पुढे आणायचं. कापायचं म्हटल्यावर मला आनंद झाला, लग्नाला होकार आल्यासारखा. दिवाळीनंतरची तारीख ठरली. घरी सांगितलं कंपनीची ट्रेनिंग आहे.

आणि आता, तारीख ठरलेली असताना, हा टिकेश्वर. क्रेनच्या केबिनमधून तो खाली उतरायचा तेव्हा मी माप सोडून त्याला पाहायचो. माझ्या डोक्यात दोनच रस्ते होते आणि दोन्ही बंद. तो माझ्यासारखा दिसतो असं सगळे म्हणतात. म्हणजे त्याचाही डावा जबडा खचलेला असणार. पण तो तर चांगला दिसतो, मस्त दिसतो, त्याला बायको आहे, मुलगी आहे, तो गुटखा चघळत सगळ्यांशी समोरून बोलतो. मग खचलेला नसेल. नसेल तर तो माझ्यासारखा दिसत नाही आणि सगळा कारखाना आंधळा आहे. की खचलेला आहे, आणि तरी चांगला दिसतो? मग मी? हा विचार आला की पायाखालचं काँक्रीट हलायचं. मी परत पहिल्यापासून सुरू करायचो. पाहून पाहून त्याचं तोंड मला कधी माझं वाटायचं, कधी कोणाचंच नाही, नुसते भाग, एक नाक, एक कान, एक कड.

त्याची आई एकदा डबा घेऊन गेटावर आली. गावातली बाई, हातात चांदीचं जाड कडं. तिनं मला टिकेश समजून डबा पुढे केला आणि मग चमकून थांबली. तोंडाला कोणी हात लावला तर मी मागे उडतो, पण तिनं विचारलंच नाही, दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले, डावीकडे उजवीकडे सारखेच. "दूनो झन के मुहरन एके हे," ती म्हणाली, दोघांचा चेहरा एकच आहे. देवानं एक साचा दोनदा वापरला तर त्या दोघांनी मितान बदायला पाहिजे, नाहीतर एकाचं दुःख दुसऱ्याला लागतं, असं तिचं म्हणणं. मितान बदणं म्हणजे जन्माची मैत्री बांधणं, सख्ख्या भावाच्या वर. छत्तीसगढच्या गावांत अजून चालतं. एखादं फूल, पान, प्रसाद एकमेकांना द्यायचा, त्याच नावानं पुढे एकमेकांना हाक मारायची, खरं नाव तोंडातून कधी काढायचं नाही. मितानाला नाही म्हणायचं नाही. मितानाशी खोटं बोलायचं नाही.

मला वाटलं बाबा हे मोडून काढतील. गंगाजल, महाप्रसाद, हे आपल्यात कुठे चालतं. बाबांनी एवढंच विचारलं की काय देतेत. फूल म्हटल्यावर म्हणाले, "जात न पुसता भाऊ करतेत ना? मंग हे तं आपलंच काम झालं." खरं कारण दुसरं होतं, ते माझ्या लक्षात आलं. त्यांना वाटलं स्वतःसारखं तोंड रोज समोर पाहून पोराला त्या तोंडाची सवय होईल. बापाचा हिशोब साधा होता, त्याबद्दल मला राग येतो आणि रागाबरोबर आणखी काहीतरी येतं, त्याचं नाव मला माहीत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी टिकेशच्या अंगणात आम्हाला पाटांवर समोरासमोर बसवलं. बाबा पांढरा शर्ट घालून आले होते, त्यांनी भाषण केलं, गावातल्या लोकांनी मान हलवून ऐकलं, कोणाला काही कळलं नाही. शेजारणी वाकून वाकून आमची तोंडं पाहत होत्या आणि हसत होत्या. एक म्हणाली, टिकेशची बायको आता सांभाळून राहील. टिकेशनं गोंद्याचं, म्हणजे झेंडूचं, पिवळं फूल घेतलं आणि माझ्या डाव्या कानामागे खोवलं. डाव्याच. सगळ्यांची नजर आता तिकडेच जाणार. त्यालाही मी फूल खोवलं, आणि खोवताना त्याच्या कानाच्या पाळीखाली माझं बोट लागलं, आणि मला वाटलं, इथे. इथेच कड मोडते. बोट मी जरा जास्तच वेळ ठेवलं. "सीताराम, गोंदाफूल," तो म्हणाला. मी जयभीम म्हटलं. तो हसून जयभीम म्हणाला. त्या दिवसापासून मी गोंदाफूल आणि तो गोंदाफूल. खचलेल्या जबड्याच्या माणसाला कोणी कारखानाभर गोंदाफूल म्हणून हाक मारतं, यावर हसावं का रडावं.

पण बोटाला लागलेलं ते जाईना. ऑपरेशन जवळ येत होतं आणि मला पुरावा हवा होता. त्याची बाजू सरळ निघाली तर मी निवांत कापून घेईन, कारण मग मी एकटाच खचलेला. खचलेली निघाली तर काय, तिथपर्यंत मी विचार केला नाही, करता आला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला माप घ्यायच्या खोलीत बोलावलं. तिथे एसी असतो, गरमीत लोखंड फुगतं म्हणून. त्याला वाटलं थंड हवेत बसायला बोलावलं. गुटखा थुंकून ये म्हटलं, आला. दात मिळव, हलू नको. व्हर्नियर पाहून तो म्हणाला, हे काय, टोपी शिवतोस का माझी? मी म्हटलं, मितानाला नाही म्हणायचं नसतं. त्यानं दात मिळवले. स्टील गालाला लागलं तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या, खुर्ची कुरकुरली. मी उजवी बाजू घेतली. मग डावी. मग परत उजवी. परत डावी. डावी कमी होती. माझ्यापेक्षाही कमी. आणि मला आनंद झाला, लपवून काय करू, असा आनंद की तोंडातून निघूनच गेलं, "तेरा बायां छोटा है, गोंदाफूल. मेरे से भी जादा."

तो हसला. मग हसणं थांबलं, पण तोंड हसऱ्या आकारातच राहिलं. त्यानं विचारलं, छोटा म्हणजे? मी त्याला कड दाखवली. बोट धरून दाखवली, इथून येते, इथे खचते. आरसा नव्हता, तर घासून ठेवलेल्या एका मोठ्या बुशच्या चकचकीत अंगात दाखवली. गोल लोखंडात कोणाचंही तोंड वाकडं दिसतं. हे मला माहीत आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यानं पाहिलं, आपल्या डाव्या गालाला हात लावला, आणि म्हणाला, हां, यार. आपण कधी पाहिलंच नाही.

त्या दिवशी मी घरी आलो तो हलका. मायला काही विचारलं नाही. ती दोनदा स्वतःहून माझ्याकडे पाहायला आली, मी विचारलं नाही म्हणून घाबरली. जगात माझ्यासारखा दुसरा आहे आणि तो चांगला दिसतो, या वाक्यावर मी दोन दिवस जेवलो, झोपलो. तिसऱ्या दिवशी त्याला क्रेनवरून उतरताना पाहिलं आणि तो चांगला दिसला नाही. खचलेला दिसला. सगळीकडून खचलेला. म्हणजे तो मला त्याच्यापर्यंत नेईल असं वाटलं होतं, तर मीच त्याला माझ्यापर्यंत आणलं. मग मी परत जास्तच खचलो, आणि ऑपरेशन पक्कं केलं.

मधल्या दिवसांत मी त्याच्याकडे पाहणं टाळत होतो, म्हणून उशिरा कळलं. आधी कँटीनमध्ये. तिथे कोपऱ्यातली एक जागा माझी, डावी बाजू भिंतीला लागते. मी ताट घेऊन गेलो तर तिथे तो बसलेला, भिंतीला डावी बाजू लावून. मला पाहून त्यानं घास चावणं थांबवलं. मग त्याची दाढी वाढली. मग गौरवनं सांगितलं की क्रेनच्या केबिनमध्ये टिकेश तोंडावर मोबाइल धरून बसतो, खाली लोक हात हलवत असतात आणि वर शाफ्ट लटकत असतो. एक दिवस कोणाच्या तरी डोक्यावर टाकेल. काढून टाकू म्हणतात मॅनेजमेंटवाले, तू समजाव, तुझा जुळा आहे. आणि मग त्याच्या आईचा फोन. "तोर मितान ला का होगे हे, बेटा?" तुझ्या मितानाला काय झालंय, जेवत नाही, मुलीला जवळ घेत नाही, चुलीपाशी येऊन उभा राहतो आणि सारखं एकच विचारतो. काय विचारतो ते तिनं सांगायच्या आधीच मी फोन ठेवला.

रायपूरला जायचं त्या सकाळी मी पिशवी गाडीला बांधून कारखान्यात गेलो, माप घ्यायच्या खोलीची चावी द्यायची होती. देऊन परत आलो तर स्टँडवर माझ्या गाडीपाशी तो वाकून उभा. आरसा फिरवून घेतलेला, मान एका अंगाला, दोन बोटं पाळीखाली दाबून धरलेली. ऊन तोंडावर आलं होतं तरी डोळे मिटत नव्हता. असा माणूस मी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं करून राहिलो, पण बाहेरून पाहिलं नव्हतं. बाहेरून ते जबड्यासारखं दिसतच नव्हतं. भुकेल्या माणसासारखं दिसत होतं. मी त्याच्या डाव्या बाजूकडे पाहिलं, आणि खचलेली आहे का नाही, मला कळेना. खरंच कळेना. कड होती, दाढी होती, घाम होता.

त्यानं आरशातूनच मला विचारलं, "गोंदाफूल, आज जादा दिखत हे का?"

काही नाही, मी म्हटलं. चांगला तर आहेस. मी मनापासून म्हटलं, आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. त्यानं मान हलवली, जशी मी हलवतो, दुसऱ्याला माफ करून टाकल्यासारखी.

"त तैं नापे काबर?" मग मोजलं कशाला?

गौरव दुरून काहीतरी ओरडत होता, क्रेन रिकामी उभी होती. मी म्हणालो ते मराठीत निघालं, घरातली भाषा, ती त्याला अर्धीच कळते. "मी बिमार हाओ. मले नाही ते दिसते. माह्या मापावर जाऊ नको." मग तेच हिंदीत म्हटलं, कारण एकदा म्हटल्यावर आता राहत नव्हतं. दिमाग का बिमारी है मेरे को, डॉक्टर बोला था, मैं नहीं माना. पहिल्यांदाच म्हणालो. मायला नाही, बाबांना नाही, आणि वाहनांच्या स्टँडवर त्याला म्हणालो.

तो वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझा जबडा पाहिला, नीट, डावा, उजवा, परत डावा. मला लपवावंसं वाटलं, लपवला नाही.

"तोर तो बने हे, गोंदाफूल," तो म्हणाला, अगदी मायेनं. "खराबी मोर म हे." तुझा तर चांगला आहे, खराबी माझ्यात आहे.

आणि त्याचा हात परत गालाकडे निघाला. मी मनगट धरलं आणि खाली आणलं. तो सोडवायला लागला, भांडून नाही, नुसता हात वर जाऊ पाहत होता, त्याला न विचारता. खिशात मोबाइल वाजायला लागला. क्लिनिकचाच असणार, किती वाजता पोहोचता विचारायला. घ्यायचा तर एक हात सोडावा लागला असता. मनगटाला दोन्ही हात लागत होते. त्या हाताला किती जोर असतो ते मला माहीत आहे. वाजून वाजून तो थांबला, परत वाजायला लागला, आणि मी धरून राहिलो.